शून्यचूक

उद्यमबागेत एकतीस वर्षं
मी फक्त मापं घेतली.
पंपाचे शाफ्ट, बेअरिंगची घरं,
आमच्यात केसाच्या जाडीला ढोबळ म्हणायचे.
व्हर्नियर हातात आला की आधी जबडे मिटायचे,
उजेडाकडे धरायचा,
शून्यावर शून्य बसतंय का बघायचं.
नसेल बसत
तर तेवढी चूक प्रत्येक मापातनं वजा.
नव्या पोराला हे पहिल्या दिवशी सांगायचं,
चहा कुठं मिळतो ते सांगायच्या आधी.

आता ओपीडी, खिडकी चार.
शिवलीला सिस्टर पेनचं टोपण दातात धरून विचारते,
"हत्तराग एष्ट ऐत्री, अज्जा?"
दहात किती.

पहिल्या वर्षी मी उलट विचारलं होतं,
दहा म्हणजे कुठलं?
म्हणाली, तुम्हाला सुचेल त्यातलं सगळ्यात वाईट.
सुचेल त्यातलं!
मास्टर गेज नाही तुमच्याकडं?
एखादं दहा, काचेच्या कपाटात, तेल लावून ठेवलेलं,
ज्याच्याशी माझं लावून बघता येईल?
भिंतीवर सहा तोंडं होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत,
सगळ्यांना केस नव्हते.

तेव्हा मी नऊ म्हणालो.
डॉक्टरांनी मान वर केली,
नऊवाला माणूस असा घडी घालून रुमाल ठेवत नाही म्हणाले.
पुढच्या खेपेला चार म्हणालो.
चाराला पांढऱ्या गोळ्या आणि तीन महिन्यांनंतरची तारीख.
तेव्हापासून सहा.
सहा हे माझ्या कमरेचं माप नव्हे.
ते त्यांच्या टॉलरन्समध्ये बसतं, एवढंच.

खरं सांगायचं तर माझं शून्यच सरकलंय.
सकाळी मोरीत वाकायच्या आधी,
पाय जमिनीला लागायच्याही आधी
डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत जी तार ताणलेली असते
तिला मी दुखणं म्हणत नाही.
तिथनं मोजायला सुरुवात करतो.
वजा किती करायचं, सिस्टर?
अकरा वर्षं झाली,
जबडे मिटले तर काय दिसायचं, आठवत नाही.

आज माझ्यापुढं कुद्रेमानीच्या नागूबाई होत्या.
दोन बस बदलून आलेल्या, पिशवीत एक्स-रे आणि भाकरी एकत्र.
सिस्टरनं मला खुणावलं, जरा केळ्री,
विचारा त्यांना.
मी विचारलं, मावशी, दहात किती?
"काय किती?"
दुखायलंय ते.
त्या विचारात पडल्या.
"आत कोण तरी ओलं लुगडं पिळायलंय बघ.
पिळून झालं की झटकतंय.
परवा भाताचं पातेलं सुटलं हातातनं.
सून काय म्हणाली नाही,
काय म्हणाली नाही तेच."

माझं कन्नड बाजारातलं, बसमधलं, मशीनवरचं.
पिळण्याला शब्द होता,
न बोललेल्या सुनेला नव्हता.
सिस्टरचं पेन चौकोनावर थांबलेलं,
मागनं कुणीतरी चप्पल घासत होतं.
मी म्हणालो, एळु.
सात.
कुठलंच उपकरण न लावता,
नजरेनं,
ज्या कामासाठी मी दोन पोरांना घरी पाठवलं होतं.

"निम्दु?" तिनं माझी फाईल ओढली.
सहा, मी म्हणालो,
आणि बाकावर बसताना तोंडातनं जे निसटलं
ते मराठी नव्हतं, कन्नडही नव्हतं.
तिनं ऐकलं.
पेन एकदा थोडं हललं.
मग सहाच लिहिला.

बाहेर नळावर नागूबाई औषधाचा कागद
उलटासुलटा करून बघत होत्या.
"काय सांगितलास रे माझं?"
सात.
"सात म्हंजे बरं काय वाईट?"
मधलंच, मी म्हणालो. जरा वाईटाकडचं.
त्यांनी कागद चार घड्या करून
चोळीत खोचला.
"मग आठ तरी करायचास की.
एवढ्या लांबनं आलोय."